लोकप्रिय संघाचे गाऱ्हाणे

आमच्या गोमंतकात गाऱ्हाणे घालायचे ते देवापुढे, आणि तेही साऱ्या गावाच्या वतीने. अलीकडे हा मान फुटबॉलच्या लीगलाही मिळू लागला आहे. संघ हरला की त्याचे चाहते लीगच्या दारात उभे राहतात आणि म्हणतात, आमचा संघ सर्वांत लाडका, आमच्यामुळे तुमची मैदाने भरतात, आणि तुमचा डूख मात्र नेमका आमच्यावर! इंडियन सुपर लीग आपल्या सर्वांत लोकप्रिय संघाशी आकसाने वागते, ही तक्रार केरळ ब्लास्टर्सच्या पिवळ्या झेंड्याखाली गेली काही वर्षे सातत्याने ऐकू येत आहे. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही गोटांतून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; लीग आपल्याविरुद्ध आणि समोरच्याच्या बाजूची आहे, असे दोघेही एकाच वेळी शपथेवर सांगतात. आणि आपण गोवेकर तरी कुठे मागे आहोत? २०१५ च्या डिसेंबरात हेच गाऱ्हाणे आपणही घसा फोडून घातले होते. त्यात तथ्य किती आणि दुखावलेला अभिमान किती, हे आता पुरेसा काळ लोटल्यावर थंड डोक्याने पाहण्यास हरकत नसावी.

पहिला दाखला केरळचा. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर केरळ आणि बंगळुरू यांच्यात बाद फेरीचा सामना झाला. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक आपल्या खेळाडूंची भिंत उभी करण्यात गुंतला होता, आणि तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू अलगद जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल मान्य केला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर बोलावून घेतला, आणि तो परत आलाच नाही. महासंघाने केरळचा निषेध फेटाळला, बंगळुरूला विजयी ठरवले आणि ३१ मार्चला शिक्षा जाहीर केली: क्लबला ४ कोटी रुपये दंड, जाहीर माफी न मागितल्यास ६ कोटी, आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी.

नियम काय सांगतो? फ्री किक चटकन घेण्याचा हक्क ती मिळालेल्या संघाला आहे. मात्र पंचाने एकदा अंतर मोजून भिंत मागे सारण्याचे काम हाती घेतले, की शिट्टी वाजेपर्यंत चेंडूला पाय लावता येत नाही. म्हणजे त्या काही क्षणांत पंचाने नेमके काय केले व काय सांगितले, एवढ्यावरच सारा वाद उभा आहे. आमचे मत विचाराल तर छेत्रीने चतुराई केली, आणि चतुराईला नियमांच्या पुस्तकात बंदी नाही. ज्यांचे मत याहून वेगळे आहे त्यांच्याशी आम्ही हुज्जत घालणार नाही. पुन्हा पाहून खातरजमा करण्याची व्हीएआरची सोय त्या मैदानावर नव्हती, आणि एवढ्या मोठ्या लीगला ते भूषणावह नव्हते. परंतु पंचाची चूक झाली हे घटकाभर मान्य केले, तरी तीवरून लीगचा आकस कसा सिद्ध होतो? आकस सिद्ध करावयाचा तर त्याच अपराधाला दुसऱ्या एखाद्या संघाला काय शिक्षा झाली, हे दाखवावे लागेल. सामना अर्धवट टाकून निघून जाण्याचे प्रसंग फार नसतात. पण एक आहे, आणि तो मोठा बोलका आहे.

९ डिसेंबर २०१२. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आय-लीगमधील मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना. पूर्वार्धातच बागानच्या ओडाफा ओकोलीला पंचांनी लाल कार्ड दाखवले, प्रेक्षक खवळले, आणि गर्दीतून भिरकावलेल्या दगडाने बागानचाच सय्यद रहीम नबी जखमी झाला. मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानात उतरला नाही. लीगच्या नियमावलीत या अपराधाला स्पष्ट शिक्षा होती. ती त्याच महिन्याच्या २९ तारखेला सुनावण्यात आली आणि मोहन बागानला तो हंगाम व पुढले दोन हंगाम लीगबाहेर काढण्यात आले. १८८९ साली स्थापन झालेला, १९११ मध्ये अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा, देशातील फुटबॉलचे दैवत मानला गेलेला क्लब, आणि त्याला हद्दपारी! एवढा निर्भीड निकाल वाचून अनेकांनी तोंडात बोटे घातली. ती बाहेर काढायला तीन आठवडेही लागले नाहीत. १५ जानेवारी २०१३ रोजी महासंघाने बंदी उठवली. २ कोटी रुपयांचा दंड आणि तोवर मिळवलेले गुण शून्य, एवढ्यावर प्रकरण मिटले. बागान त्या हंगामात खालच्या श्रेणीतही गेला नाही.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण आपल्या शेतकऱ्याने काही उगाच केलेली नाही. लीग हा आज धंदा आहे. प्रक्षेपणाचे हक्क विकायचे, जाहिराती मिळवायच्या, तर डोळे लागतात. आणि डोळे असतात ते लोकप्रिय संघांपाशी. २०१६ सालचा अंतिम सामना कोचीला झाला तेव्हा मैदानात पन्नास हजारांहून अधिक माणसे होती. असा प्रेक्षक घरातून घालवून कोणता व्यापारी आपली पेढी चालवील? नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हिशेबाच्या दृष्टीनेसुद्धा हा आरोप टिकत नाही.

आता आपल्या घरचे प्रकरण. २० डिसेंबर २०१५ ची ती फातोर्ड्याची रात्र वाचकांच्या स्मरणात असेल. एफसी गोवा आणि चेन्नईयिन यांच्यातील अंतिम सामना; ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला २-१ अशी आघाडी मिळवून दिली. पुढल्या पाच मिनिटांत सारे उलटले. आपलाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या अंगाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, आणि लगोलग मेंडोझाने तिसरा गोल केला. त्यानंतर जे घडले ते खेळाच्या मैदानाला शोभणारे नव्हते. गोव्याच्या संघाने बक्षीस समारंभाकडे पाठ फिरवली. चेन्नईचा ब्राझिलियन खेळाडू एलानो याने गोव्याच्या एका सहमालकावर हात टाकल्याची तक्रार होऊन पोलिसांनी त्याला अटक केली व जामिनावर सोडले. पुढल्या वर्षी मे महिन्यात लीगच्या आयोगाने निकाल दिला: एफसी गोवाला ११ कोटी रुपये दंड, पुढल्या हंगामात १५ गुणांची वजावट आणि दोघा सहमालकांवर बंदी.

अकरा कोटी आणि पंधरा गुण! चौदा सामन्यांच्या हंगामात पंधरा गुण कापणे म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच घोड्याचे पाय बांधणे. गोव्यात त्या वेळी जो संताप उसळला तो समजण्यासारखा होता, आणि शिक्षा अवाजवी होती असे आम्ही आजही म्हणतो. पण पुढे काय झाले? अपिलात पंधरा गुणांची वजावट रद्द झाली आणि दंडही कमी करण्यात आला. शिक्षा सुनावताना ढोल, ती कमी करताना मात्र कानगोष्ट, हा बागानच्या वेळचाच क्रम इथेही दिसला. राहता राहिला २०१६ चा हंगाम. एक गुणही न कापला जाता एफसी गोवा आठ संघांत आठवा आला. आयोगाने जे करायचे सोडून दिले ते संघाने स्वतःच्या हिमतीवर करून दाखवले, असे त्या वेळी कुणी म्हटले असते तर त्याला मडगावात फिरणे कठीण झाले असते. आणि लीगचा आपल्यावर खरोखरच डूख असता, तर २०१९-२० साली साखळीतील अव्वल संघाला प्रथमच देण्यात आलेले लीग शील्ड आपल्याच संघाच्या हाती कसे पडले असते?

फातोर्ड्याच्या त्याच मैदानाने २० मार्च २०२२ रोजी आणखी एक अंतिम सामना पाहिला. साथीमुळे दोन हंगाम साऱ्या लीगचा मुक्काम गोव्यातच होता, आणि अखेरच्या सामन्याला प्रेक्षकांना आत सोडण्यात आले होते. हैदराबाद गुणतक्त्यात केरळच्या वर असल्याने नियमाप्रमाणे यजमान ठरले. त्यांचा पोशाख पिवळा, म्हणून केरळला आपला पिवळा रंग सोडून काळ्या पोशाखात खेळावे लागले. रंगसुद्धा आमचा काढून घेतला, अशी हाकाटी तेव्हा झाली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. अखेरच्या मिनिटांत हैदराबादला बरोबरी साधून देणारा साहिल तावोरा गोव्याचा. पेनल्टींवर हैदराबादने ३-१ अशी बाजी मारली, आणि केरळच्या तीन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक होता लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोच, त्याच मैदानावर. सहा वर्षांपूर्वी ज्याच्या नावाने बोटे मोडली गेली होती त्याला त्या रात्री फातोर्ड्याने डोक्यावर घेतले. केरळने मात्र २०१४ आणि २०१६ नंतर तिसऱ्यांदा अंतिम सामना गमावला. तीन वेळा उंबरठ्यावरून परतलेल्या माणसाला घरातला प्रत्येक जण आपल्याविरुद्ध कट करतो आहे असे वाटू लागले, तर त्याची कीव यावी, राग येऊ नये. पण कीव आली म्हणून आरोप खरा होत नाही.

आता राहिला पंचांचा कल. पंच हा माणूसच असतो, आणि माणसावर गर्दीचा परिणाम होतो, हे आता अभ्यासकांनी आकड्यांनिशी दाखवले आहे. स्पेनच्या पहिल्या श्रेणीतील सामन्यांचा अभ्यास करून तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले की, यजमान संघ एका गोलाने मागे असला की पंच सामन्याच्या शेवटी अधिक वेळ वाढवून देतात, आणि तोच एका गोलाने पुढे असला की कमी. साथीच्या काळात युरोपातील मैदाने रिकामी पडली तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचे प्रमाण खाली आले, हेही अनेक अभ्यासांत आढळले. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्यामागे गर्दी मोठी, त्याच्याकडे पंच नकळत झुकतो. लोकप्रिय संघाला लोकप्रियतेची शिक्षा मिळत नाही, व्याज मिळते. ते त्याला दिसत नाही एवढेच, कारण मिळालेले दान माणूस विसरतो आणि हुकलेले जन्मभर मोजीत बसतो.

तेव्हा लीग निष्पक्षपाती आहे काय? मुळीच नाही. ती पक्षपाती आहे असेच आमचे मत आहे. पण तिच्या पक्षपाताची दिशा चाहते सांगतात त्याच्या नेमकी उलट आहे. आपल्या देवळांतून पालखीचा पहिला मान कोणाचा, यावरून महाजनांत भांडणे होतात, ती कोर्टकचेरीपर्यंत जातात आणि गावभर त्यांची चर्चा चालते. जो पायरीखालीच उभा आहे त्याला आत घेतले की नाही, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारीत नाही. लीगच्या देवळातही तेच चालले आहे.

आपलाच इतिहास पाहा. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांतील आय-लीगची सर्वच्या सर्व अजिंक्यपदे गोव्याने जिंकली: तीन वेळा धेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. तेव्हा दोनच जिल्हे असलेल्या या चिमुकल्या राज्याने सलग सहा वर्षे साऱ्या देशाला पाणी पाजले. असा पराक्रम ज्या क्लबांच्या नावावर आहे त्यांना देशाच्या नव्या व्यवस्थेत कोणते स्थान मिळाले? महासंघाने डिसेंबर २०१० मध्येच ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात पंधरा वर्षांसाठी आपले व्यापारी हक्क देऊन टाकले होते. त्यातून २०१४ साली सुपर लीग उभी राहिली, ती निविदा भरणाऱ्या नव्या संघांची. २०१६ च्या मे महिन्यात महासंघाने नवा आराखडा मांडला: सुपर लीग शिखरावर, आणि आय-लीगचे क्लब खालच्या पायरीवर. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी त्याच वर्षी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोची कथा तर अधिक कडू आहे. २०१५ मध्ये खाली घसरलेला हा क्लब पुढल्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत पहिला आला, मैदानावर खेळून त्याने आपली जागा परत मिळवली, आणि ती मिळाल्यावर तो लीगमधून बाहेर पडला. जागेला आता अर्थच उरला नव्हता. २०२४-२५ मध्ये धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दिसला, तोही तिसऱ्या पायरीपासून नव्याने चढून.

आणि गंमत अशी की एफसी गोवाच्या पंधरा गुणांवरून गोवा पेटला होता तो याच सुमारास! साळगावकर आणि धेंपे या घराण्यांचा सहभाग जुन्या क्लबांतही होता आणि नव्या संघातही. नव्या संघाला पंधरा गुणांचा दंड झाला तेव्हा आपण रस्त्यावर आलो. जुन्या क्लबांनी अर्ध्या शतकाचा वारसा गुंडाळून ठेवला, त्याबद्दलचा संताप त्याच्या पासंगालाही पुरला नाही. आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी तरी कोणत्या बातमीला अधिक रकाने दिले? जिथे गर्दी, तिथे मथळा.

याउलट ईस्ट बंगाल. २०२० साली हंगाम दोन महिन्यांवर आला असता, पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने या क्लबला नवा गुंतवणूकदार मिळाला आणि सप्टेंबरअखेर सुपर लीगने त्याला अकरावा संघ म्हणून सामावून घेतले. कोणतीही श्रेणी जिंकून तो वर आला नव्हता. त्याची पुण्याई होती ती त्याच्या चाहत्यांची. आमची त्याबद्दल असूया नाही. शंभर वर्षांचा क्लब वरच्या पंक्तीत असावा हे योग्यच. पण एकाला मांडव घातल्यावर पाट मांडून बसवायचे आणि दुसऱ्याने पंक्ती जिंकून आणली तरी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, याला लोकप्रिय संघाविरुद्धचा आकस कसे म्हणावे? पहिले नऊ हंगाम खालून वर येण्याचा मैदानी मार्गच या लीगला नव्हता. २०२३ मध्ये पंजाबचा क्लब आय-लीग जिंकून वर आला, तेव्हा तो प्रथम उघडला. खाली जाण्याचा मार्ग तर २०२४-२५ अखेरपर्यंत कुणावरही लागू झाला नाही.

गोव्याला निदान एक संघ आहे. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, गोंदियाला लागून बालाघाट नावाचा जिल्हा आहे. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ एकीकडे गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. गोवेकराला खाण म्हटले की फुटबॉल आठवतो, कारण आपल्याकडे खनिजाच्या पैशावर क्लब वाढले. धेंपे आणि साळगावकर ही नावे आधी खाणीवर आणि मग जर्सीवर आली. बालाघाटच्या भरवेलीतून निघालेल्या मँगनीजने असा संघ वरच्या लीगमध्ये आणला नाही. बालाघाटच काय, साऱ्या मध्य प्रदेशातून किंवा विदर्भातून एकही संघ आजवर सुपर लीगमध्ये आलेला नाही. तिथला फुटबॉलवेडा मुलगा पडद्यावर सामना पाहतो आणि कोचीचा, कोलकात्याचा किंवा फातोर्ड्याचा एखादा संघ आपला मानतो. लोकप्रिय संघाच्या लोकप्रियतेत त्याचाही एक डोळा मोजला जातो. ज्या दिवशी छेत्रीची ती फ्री किक जाळ्यात गेली त्या दिवशी त्यालाही अन्याय झाला असे वाटले असेल. पण त्याच्या गावापासून वरच्या लीगपर्यंत जाणारी पायवाटच नाही, या अन्यायाला पंच नाही, शिट्टी नाही आणि निषेधाचा अर्ज देण्याची खिडकीही नाही.

खिडकी असली म्हणजे भागते असेही नाही. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्स ४० गुणांनिशी पहिला आणि वाराणसीचा इंटर काशी ३९ गुणांनिशी दुसरा, असा तक्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागला होता. एका सामन्यातील अपात्र खेळाडूचा वाद त्यात लोंबकळत होता. महासंघाच्या एका समितीने एक सांगितले, अपील समितीने त्याच्या उलट. चर्चिलला विजेता घोषित करण्यात आले. अखेर १८ जुलै रोजी स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवले आणि वर जाण्याचा मार्गही त्यालाच मोकळा झाला. लवादाचा निकाल कायद्याला धरून असेल. आमचे भांडण त्याच्याशी नाही. शेवटचा सामना आणि शेवटचा निकाल यांत शंभराहून अधिक दिवस गेले, यावर आमचा आक्षेप आहे. २०१५ च्या डिसेंबरातील अपराधाला २०१६ च्या मेमध्ये शिक्षा आणि तिच्यावरचे अपील त्याहूनही पुढे. बागानच्या बाबतीत मात्र सतरा दिवसांत दयेचा निर्णय. दया घाईने आणि न्याय सवडीने, असा हा कारभार आहे.

महासंघाचा तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याच्या नूतनीकरणाच्या घोळात त्या वर्षीचा सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही, आणि खेळाडूंना महिनोन्‌महिने ताटकळत बसावे लागले. नवी व्यवस्था ठरताना लोकप्रिय संघांचे प्रतिनिधी बैठकीत असतीलच. त्यांना बोलावण्याची वेगळी शिफारस करायला नको. वर येण्याची आणि खाली जाण्याची दारे दरवर्षी, विनाअपवाद उघडी राहतील. प्रत्येक तक्रारीचा निकाल पुढली फेरी सुरू होण्यापूर्वी कारणांसह प्रसिद्ध होईल. आणि शिक्षा कमी केली तर ती का केली, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत छापले जाईल, एवढी कलमे त्या करारात घालून घेण्यासाठी गोव्याच्या फुटबॉल संघटनेने आणि आपल्या खासदारांनी आताच आवाज उठवला पाहिजे. धेंपो, चर्चिल, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्या वतीने तो आवाज दिल्लीत कोण उठवणार, याचे उत्तर आम्हाला पणजीहून हवे आहे.